वर्गात चालेल असं ‘फिजेट’ खेळणं कोणतं? आवाज न करणारी वस्तू निवडताना काय बघायचं?

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा, गुलमंडी, सिडकोतलं कॅनॉट, सगळीकडे शाळेच्या खरेदीची गर्दी उसळते. वह्या, दप्तर, डबा, रेनकोट ही यादी जुनीच आहे. गेल्या काही वर्षांत तिच्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. बोटांनी दाबायचं पॉप-इट, गरगर फिरणारा स्पिनर, सहा बाजूंना सहा बटणं असलेला क्यूब, पिळायचा मऊ चेंडू. या सगळ्यांना मिळून ‘फिजेट टॉय’ म्हणतात.

दुकानदार सांगतो, “घेऊन टाका, मुलाचं लक्ष वाढतं.” इन्स्टाग्रामवरचं रीलही तेच सांगतं. आणि शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, “कृपया अशी खेळणी वर्गात पाठवू नयेत.”

मग खरं कुणाचं? दुकानदाराचं की बाईंचं?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. हातात काहीतरी असल्यावर काही मुलांना खरंच बसायला आणि ऐकायला सोपं जातं. पण बाजारात फिजेट म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू वर्गासाठी बनलेल्याच नाहीत. त्या आवाज करतात, चमकतात, नजर ओढून घेतात. त्यामुळे चुकीची वस्तू घेतली की दोन नुकसानं होतात. त्या मुलाचं लक्ष आणखी उडतं आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठीही शाळेचा दरवाजा बंद होतो.

म्हणून कोणती वस्तू घ्यायची, ती कशी तपासायची आणि शाळेशी काय बोलायचं, हे नीट समजून घेऊ.

चुळबुळ म्हणजे काय?

फिजेट या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, चुळबुळ. पाय हलवणं, पेनचं टोक टकटक करणं, शर्टाचं बटण फिरवत राहणं, खोडरबराचे तुकडे पाडणं. “याचं बूड एका जागी टिकत नाही” असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, ते मूल.

थोडीफार चुळबुळ सगळेच करतात. लांबलेल्या मीटिंगमध्ये कागदावर चौकोन गिरवणारी मोठी माणसं काय वेगळं करतात? पण काही मुलांमध्ये ती इतकी असते की अभ्यासावर परिणाम होतो. यात अतिचंचलता म्हणजे एडीएचडी असलेली मुलं येतात, स्वमग्न मुलं येतात, खूप घाबरणारी किंवा ताण घेणारी मुलंही येतात. कुठलंही निदान न झालेली, फक्त जास्त ऊर्जा असलेली मुलं तर असतातच.

अशा मुलाला ‘हलू नकोस’ असं सांगितलं की ते हलत नाही, पण त्याचं सगळं लक्ष न हलण्यातच खर्च होतं. फळ्यावर काय चाललंय ते राहून जातं. फिजेटमागची कल्पना इथूनच आली. शरीराला एक छोटं, बिनमहत्त्वाचं काम द्यायचं आणि डोकं ऐकायला मोकळं ठेवायचं.

संशोधन काय सांगतं?

जाहिराती म्हणतात तितकं सरळ उत्तर संशोधनात सापडत नाही. चार अभ्यास बघण्यासारखे आहेत.

पहिला अभ्यास अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलांना आकडे-अक्षरं लक्षात ठेवायची कामं दिली आणि ती किती हालचाल करतात ते मोजलं. एडीएचडी असलेली मुलं जास्त हलत होती तेव्हा त्यांची कामगिरी चांगली झाली. एडीएचडी नसलेल्या मुलांमध्ये उलटं दिसलं, हालचाल वाढली की कामगिरी घसरली. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं अपथ्य.

दुसरा अभ्यास फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाचा. यात एडीएचडी असलेल्या ६० लहान मुलांना वर्गात फिजेट स्पिनर दिले. सुरुवातीला मुलांची पळापळ थोडी कमी झाली, पण लक्ष मात्र कमीच झालं. मुलं शिक्षकांऐवजी स्पिनरकडे बघत बसली.

तिसरा अभ्यास कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर, कॅलिफोर्नियात झाला. व्हिडिओवरचं लेक्चर ऐकताना ज्यांच्या हातात स्पिनर होता, त्यांना नंतरच्या चाचणीत कमी आठवलं. ज्यांना आधीपासून स्पिनर आवडत होते त्यांचीही तीच गत झाली.

चौथा ब्रिटनमधला, ४० प्रौढांवर. कंटाळवाणा फोन संदेश ऐकताना ज्यांना कागदावरच्या आकृत्या पेन्सिलीने भरायला सांगितल्या होत्या, त्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त तपशील आठवला.

हे चारही एकत्र ठेवले की एक धागा हाती लागतो. हालचाल वाईट नाही. पण जी हालचाल नजर मागते ती लक्ष खाते. स्पिनर फिरताना बघावासा वाटतो, त्यात मजाच ती आहे. आकृतीत पेन्सिल फिरवताना किंवा पाय हलवताना फार बघावं लागत नाही.

आणि हेही लक्षात ठेवायला हवं की हे अभ्यास छोटे आहेत आणि परदेशातले आहेत. पन्नास-साठ मुलांच्या मराठी शाळेच्या वर्गात काय होईल, ते त्यावरून थेट सांगता येत नाही. त्यामुळे ‘फिजेटने एकाग्रता वाढते, हे सिद्ध झालं आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा थांबा.

स्पिनरची साथ आणि शाळांचा राग

शाळा या वस्तूंवर एवढ्या का चिडतात, त्यामागे २०१७ आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये ‘फिजेट क्यूब’ नावाच्या ठोकळ्यासाठी किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांनी ६० लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवून दिली होती. ऑफिसात पेन टकटक करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी तो बनवला होता. २०१७ च्या उन्हाळ्यात स्पिनर आला आणि काही आठवड्यांत जगभरातल्या मुलांच्या हातात जाऊन पोचला. कुणाचा जास्त वेळ फिरतो, कुणाचा अंधारात चमकतो, कुणाला बोटावर तोलता येतो, याच्या स्पर्धा सुरू झाल्या. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अनेक शाळांनी थेट बंदी घातली. पुढे २०२१ च्या सुमारास पॉप-इटची लाट आली आणि तीच गोष्ट पुन्हा घडली.

विकताना या वस्तूंवर ‘एकाग्रतेसाठी’ असं लिहिलेलं होतं. मुलांनी मात्र त्या भोवऱ्यासारख्या वापरल्या. यात मुलांची चूक नाही, भोवरा हातात आला की मूल तो फिरवणारच. पण यामुळे शिक्षकांच्या मनात फिजेट म्हणजे वर्गातला गोंधळ हे समीकरण पक्कं झालं. आज एखाद्या स्वमग्न मुलाची आई मऊ चेंडू घेऊन शाळेत जाते तेव्हा तिला उत्तर मिळतं, “आम्ही खेळणी चालू देत नाही.”

आवाजाचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत हवा. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार शाळांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे.

आता जालना रोडसारख्या रस्त्याला लागून असलेली शाळा डोळ्यांसमोर आणा. बाहेर हॉर्न, आत कुरकुरणारे पंखे, शेजारच्या वर्गातले पाढे. शिक्षकांचा घसा आधीच या सगळ्याशी झगडत असतो. त्यात तिसऱ्या बाकावरून टक्-टक्-टक् सुरू झालं तर?

पंख्याचा आवाज एकसारखा असतो, कान त्याला सरावतो. टकटक मात्र थांबून थांबून येते, त्यामुळे दर वेळी लक्ष तिकडे जातं. शिवाय ती कोण करतंय हे बघायला चार मुलं मागे वळतात. ज्यांना ऐकू कमी येतं किंवा ज्यांची शिकवण्याची भाषा घरी बोलली जात नाही, अशा मुलांना तर शिक्षकांचा प्रत्येक शब्द पकडण्यासाठी जास्त कष्ट पडतात. एका मुलाची सोय ही दुसऱ्याची गैरसोय होता कामा नये. आवाज न होणं ही वर्गातल्या फिजेटची पहिली अट आहे ती यासाठी.

घरच्या घरी करा या पाच चाचण्या

वस्तू शाळेत पाठवण्याआधी पाच गोष्टी तपासा. दहा मिनिटांत होतं.

१. पंखा बंद चाचणी. खोलीतला पंखा आणि टीव्ही बंद करा. मुलाला वस्तू हाताळू द्या आणि तुम्ही एका बाकाच्या अंतरावर, म्हणजे दोन-तीन फुटांवर बसा. आवाज आला तर ती वस्तू वर्गासाठी बाद.

२. नजर चाचणी. मुलाला गोष्ट वाचून दाखवा आणि त्याच वेळी वस्तू हातात द्या. दोन मिनिटांत ते किती वेळा हाताकडे बघतं ते मोजा. एक-दोनदा ठीक. पुन्हा पुन्हा बघत असेल तर त्याच्यासाठी ते खेळणं झालं, साधन नाही.

३. फरशी चाचणी. बाकाच्या उंचीवरून वस्तू फरशीवर पाडा. ती पडणारच आहे, दिवसातून चारदा. ठणकन आवाज झाला, गडगडत लांब गेली किंवा तुटली तर उपयोग नाही.

४. एक हात चाचणी. दुसऱ्या हाताने लिहिता यायला हवं. दोन्ही हात गुंतवणारी वस्तू लिहिण्याच्या तासाला चालत नाही.

५. शेजारी चाचणी. भावंडाला शेजारी बसवा. त्याला ती लगेच हातात घ्यावीशी वाटली तर वर्गातही तेच होणार. वर्गासाठी वस्तू जितकी साधी, रंगाने जितकी फिकी, तितकी चांगली.

कोणती वस्तू पास, कोणती नापास?

या पाच कसोट्या लावल्या की बाजारातल्या वस्तूंचं चित्र बरंच स्पष्ट होतं.

स्पिनर: नजर चाचणीत नापास. स्वस्त स्पिनरच्या बेअरिंगचा घरघर आवाजही येतो.

पॉप-इट: प्रत्येक फुगा दाबताना ‘फट्’ वाजतो. मऊ सिलिकॉनचे काही नग कमी वाजतात, पण एक बाजू संपली की उलटून पुन्हा सुरू, त्यामुळे मूल त्यात गुंतत जातं. वर्गापेक्षा प्रवासात बरं.

फिजेट क्यूब: काही बाजू वाजतात, काही वाजत नाहीत. मूल वाजणारी बाजूच निवडेल, हे सांगायला संशोधन नको.

चुंबकाचे मणी किंवा गोट्या: आवाज आणि धोका, दोन्ही. त्याबद्दल पुढे.

पिळायचा चेंडू: फोम भरलेला असेल तर उत्तम, आवाज नाही, पडला तरी लांब जात नाही. जेलने भरलेले पारदर्शक चेंडू मात्र टाळा. पेन्सिलीचं टोक लागलं की फुटतात आणि मग दप्तर, वह्या, गणवेश सगळं चिकट.

पुट्टी किंवा चिकणमाती: अगदी शांत आणि बोटांना छान व्यायाम. पण मराठवाड्याच्या मार्च-एप्रिलमध्ये दप्तरात ठेवलेली पुट्टी मऊ पडून सगळीकडे चिकटते. झाकण घट्ट असलेल्या डबीतच ठेवा. पहिली-दुसरीच्या मुलांना देऊ नका, ती केसांत जाते.

जाळीतली गोटी: विणलेल्या नळीत एक गोटी असते, ती बोटांनी इकडून तिकडे सरकवायची. आवाज नाही, बघावं लागत नाही, धुता येते, एका हातात मावते. पाचही चाचण्यांत सहज पास होणारी ही वस्तू आहे.

पेन्सिलीवरची चघळायची टोपी: जी मुलं पेन्सिल, कॉलर, नखं चावतात त्यांच्यासाठी. खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या सिलिकॉनची आहे का ते बघा आणि रोज धुवा. दातांचे तुकडे पडू लागले की फेकून द्या.

खर्च न करताही होतं

महागडी वस्तू चांगली, असं इथे नाही. उलट घरात पडलेल्या गोष्टी अनेकदा जास्त उपयोगी पडतात, कारण त्या खेळण्यासारख्या दिसतच नाहीत.

जाळीतली गोटी घरी शिवता येते. जुन्या सुती कापडाची वीतभर लांबीची, बोटभर रुंदीची नळी शिवायची, आत एक गोटी टाकायची आणि दोन्ही टोकं दुहेरी टाक्याने बंद करायची. शिवण उसवली की गोटी बाहेर येते, म्हणून दर आठवड्याला बघायचं. वस्तू तोंडात घालणाऱ्या लहान मुलाला ती देऊ नये.

बाकाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रोचा खरखरीत अर्धा भाग लावायचा. बोटं त्यावरून फिरवता येतात, कुणाला दिसत नाही. दोन्ही भाग मात्र देऊ नका, ते वेगळे करताना होणारा चर्रर्र आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू जातो.

पाय हलवणाऱ्या मुलांसाठी बाकाच्या पुढच्या दोन पायांना आडवी रबरी पट्टी बांधतात. परदेशात ती तयार मिळते. आपल्याकडे सायकलच्या दुकानात जुन्या ट्यूबची पट्टी कापून मिळते, तीच बांधा. मूल त्यावर पाय टेकवून ताणत राहतं आणि बाक वाजत नाही. बसता-उठताना कुणी अडखळणार नाही एवढ्या खाली आणि घट्ट बांधायला हवी.

वाळूजच्या कंपनीत काम करणाऱ्या पालकाला नट-बोल्ट सुचेल. बोटांना तो छान गुंतवतो, पण फरशीवर पडला की ठणठणाट. तो घरच्या अभ्यासासाठी ठेवा.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावर रेघोट्या मारायची परवानगी. वर सांगितलेला २९ टक्क्यांचा अभ्यास आठवा. पूर्ण चित्र काढायला सुरुवात झाली तर मात्र लक्ष तिकडे जातं, म्हणून फक्त रेघा, गोल, चौकोन.

विकत घेताना आयएसआय शिक्का बघा

आपल्याकडे खेळण्यांसाठी २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का असणं बंधनकारक आहे. बिनविजेच्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागतं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे.

रस्त्यावरच्या टोपलीत, पाकिटाशिवाय, नाव-पत्ता नसलेली जी फिजेट खेळणी मिळतात, त्यांवर हा शिक्का शोधून बघा. सापडला नाही तर ती न घेतलेलीच बरी.

तीन धोके विशेष लक्षात ठेवा.

पहिला, चुंबक. एकापेक्षा जास्त चुंबकाचे मणी गिळले गेले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात, मधली त्वचा दबून आतडं फाटू शकतं. दुसरा, बटण बॅटरी. लाइट लागणाऱ्या स्पिनरमध्ये ती असते. गिळल्यावर अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. या दोन्हींत ‘शौचावाटे पडेल’ म्हणून वाट बघायची नसते, तडक दवाखाना गाठायचा. तिसरा, निघणारे छोटे भाग. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१७ मध्येच स्पिनर तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवायला सांगितलं होतं. तुमचं मूल चौथीत असेल, पण घरात धाकटं भावंड आहे का, हेही बघा.

शाळेशी कसं बोलायचं?

वस्तू गुपचूप दप्तरात टाकून पाठवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. ती पहिल्याच दिवशी जप्त होते आणि मुलाला बोलणी बसतात.

आधी वर्गशिक्षकांना भेटा. “माझ्या मुलाला खेळणं आणू द्या” असं म्हणण्यापेक्षा “दोन आठवडे करून बघूया का?” असं विचारा. आणि करून बघायचं म्हणजे मोजायचं. पहिला आठवडा वस्तूशिवाय, दुसरा वस्तूसह. रोज एकाच तासाला दोन गोष्टी लिहायच्या. बाईंना मुलाचं नाव किती वेळा घ्यावं लागलं आणि दिलेल्या कामातलं किती पूर्ण झालं. पंधरा दिवसांनी कागदावरच दिसेल. फरक पडला नाही तर वस्तू बंद करायची, त्यात कुणाची हार नाही.

सोबत तीन नियम मुलाला स्पष्ट सांगा. वस्तू बाकाखाली किंवा मांडीवरच राहील. ती उडवायची नाही, कुणाला द्यायची नाही. बाईंनी खूण केली की न बोलता दप्तरात जाईल.

“मग सगळी मुलं मागतील, त्यांना काय सांगू?” हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. काही शिक्षक त्यावर चष्म्याचं उदाहरण देतात. ज्याला गरज त्याला चष्मा, बाकीच्यांनी मागायचा नसतो. दुसरा मार्ग म्हणजे वर्गातच चार-पाच फोमचे चेंडू ठेवायचे, ज्याला हवा त्याने घ्यायचा. पहिले चार दिवस झुंबड उडते, नंतर नवलाई ओसरते आणि ज्यांना खरंच लागतो तेच घेत राहतात.

बोर्डाच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या केंद्रावर मात्र अशी वस्तू आपोआप चालेल असं गृहीत धरू नका. आधी लेखी परवानगी घ्यावी लागेल. त्यामुळे आठवीनंतर पायाच्या हालचाली किंवा कच्च्या कागदावरच्या रेघोट्या, अशा सोबत काही न्यावं न लागणाऱ्या सवयीकडे वळवलेलं बरं.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार शाळांनी दिव्यांग मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करून द्यायच्या आहेत. या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. स्वमग्नता त्यात आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं मात्र त्या यादीत स्वतंत्र नाव नाही.

दुसरीकडे, २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची जी तपासणी होते, तिच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. म्हणजे एक सरकारी योजना म्हणते की हा त्रास शोधा आणि कायद्याची यादी मात्र त्याच्याबद्दल गप्प आहे. नुसतं एडीएचडी असलेलं मूल या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतं. त्याला मऊ चेंडू मिळेल की नाही, हे बाई किती समजूतदार आहेत यावर ठरतं.

आणि बाईंच्या समजूतदारपणालाही मर्यादा आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. ज्या वर्गात पन्नास-साठ मुलं आहेत तिथे एकाच्या चुळबुळीकडे बघायला वेळ कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना ही पदं मंजूर करून भरण्याबद्दल पुन्हा आदेश द्यावे लागले. कोणत्या मुलाला काय लागतं हे ओळखणारं माणूस शाळेत नसेल तर ते काम रील्स आणि दुकानदार करतात, हा त्याचा परिणाम.

एक गोष्ट मात्र प्रत्येक मुलाला लागू आहे, निदान असो वा नसो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे. सतत हलतो म्हणून छडी मारणं किंवा सगळ्यांसमोर पाणउतारा करणं, हे कोणत्याही वर्गात चालत नाही.

खेळणं घेण्याआधी हे बघितलं का?

कधी कधी चुळबुळीचं कारण अगदी साधं असतं.

मुलाचे पाय जमिनीला टेकतात का? उंच बाकावर लोंबकळणारे पाय हलणारच. पायाखाली लाकडी पाट ठेवला तरी फरक पडतो. झोप पुरेशी होते का? लहान मुलांच्या झोपेचा विचार करूनच राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. सकाळी काही खाऊन जातं का? फळा दिसतो का, ऐकू येतं का? जंतांचं औषध दिलं आहे का? वर्गातलं समजत नाही म्हणून तर हलत नाही ना?

आणि चुळबुळीसोबत वाचन-लेखन मागे पडत असेल, घरी आणि शाळेत दोन्हीकडे सहा महिन्यांहून अधिक काळ तक्रारी असतील, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. शहरात शासकीय रुग्णालयात, म्हणजे घाटीत, हे दोन्ही विभाग आहेत. रबरी चेंडू तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

शिक्षकांच्या हातातही बिनपैशाचा एक उपाय आहे, तो म्हणजे हालचालीचं काम देणं. फळा पुसणं, वह्या वाटणं, खडू आणणं, हजेरीपुस्तक ऑफिसात देऊन येणं. दर तासाला दोन मिनिटं उठायला मिळालं की अनेक मुलं उरलेला वेळ शांत बसतात. जुने शिक्षक हे कुठलंही नाव न देता वर्षानुवर्षं करत आले आहेत.

थोडक्यात सांगायचं तर

खरेदीला जाताना रंग, रील आणि ‘एकाग्रता वाढवतो’ हे शब्द बाजूला ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा. याचा आवाज येतो का? हे बघावं लागतं का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर ती वस्तू वर्गात चालण्याची शक्यता आहे. मग शिक्षकांना विश्वासात घ्या, दोन आठवडे मोजून बघा आणि उपयोग होत असेल तरच चालू ठेवा.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाला दिवसभरात “नीट बस” हे शब्द वीसदा ऐकावे लागतात. ते पाचवर आले तरी उरलेला वेळ त्याला धडा ऐकायला मिळेल. आणि त्याच्या शेजारच्यालाही.